पाणचट दूध

सोदामला पाजायला घेतलं की सुरुवातीला सगळं ठीक असायचं. ती तोंड उघडून नीट धरायची, चार घोट घ्यायची, कानापाशी तिचा जबडा इवलासा हलायला लागायचा आणि मला वाटायचं, आज पिणार. मग एकदम ठसका. पाठ मागे ताणून, तोंड झटक्यात बाजूला घेऊन ती अशी रडायची की कुणाला वाटावं मी तिला चिमटा काढला. पुन्हा धरावं तर पुन्हा तेच. मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद, तिच्या मानेच्या वळ्यांत दूध, माझ्या पोटावर दूध, चादरीवर दूध. मी बाजू बदलायची, उशी बदलायची, उठून खोलीत फेऱ्या मारत पाजायची. शेवटी दोघी दमायचो आणि ती तशीच हुंदके देत झोपून जायची. पोट भरून की उपाशी, तेवढंच कळायचं नाही.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज यायचा, "नाही ना घेत?"

त्या विचारत नसत. शेगडीवरच्या पातेल्याला सांगितल्यासारखं म्हणत.

सासूबाई वांदो बेटावरच्या. समुद्रात ताणलेल्या दोरांवर मियोक वाढतं, ते लांब हिरवं समुद्री शेवाळ. ते कापायचं आणि वाळवायचं, यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. नवरा गेल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही. सोदाम झाली तेव्हा त्या ग्वांगजू शहरात आमच्या फ्लॅटवर आल्या त्या माझ्याएवढ्या उंचीची वाळल्या मियोकची पेंढी घेऊन. बाळंतिणीचं मियोक मधे मोडायचं नसतं, दुमडायचंही नसतं, म्हणून बेटापासून अख्खा रस्ता बसमध्ये ती पेंढी त्यांनी उभी धरून आणली होती. लिफ्टमध्ये ती तिरकी करावी लागेल असं दिसल्यावर त्या जिन्याने चढल्या. दार उघडलं तेव्हा त्यांना दम लागलेला आणि पेंढी सरळसोट उभी. मला तेव्हा रडूच आलं होतं. कुणी माझ्यासाठी असं काही उभं धरून आणलेलं मला आठवत नव्हतं.

तेव्हापासून मियोकचं सूप. सकाळी सूप, दुपारी सूप, संध्याकाळी सूप. कधी गोमांस घालून, कधी शिंपले घालून. मधल्या वेळेला डुकराच्या पायांचं, तास न् तास शिजवून चिकट झालेलं पांढरं सूप. वाटी म्हणायची ती, पण सोदामला अंघोळ घालता आली असती एवढी.

"पोरी, तळाशी राहिलंय."

"आई, पोटात जागा नाही."

"तुझ्या पोटासाठी कोण म्हणतंय? ते वर जायचंय."

सोदाम दुधावर रडायला लागली तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ काढला, दूध कमी पडतंय. मीही तोच काढला. मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. एखादा स्वल्पविराम जागेवर नसला तर माझी झोप उडते. तरी हे मला तपासून बघावंसं वाटलं नाही. दूध कमी म्हणून सूप वाढलं, आणि दूध आहे हे सिद्ध करायला मी पंप आणला. सोदामनं तोंड फिरवलं की मी पंप लावून बसायची. पंपाचा तो घरघर आवाज ऐकून सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. काढलेलं दूध पिशव्यांत भरून मी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात रचायची. सुरुवातीला एखादी पिशवी निघायची, मग दोन, मग इतक्या की गोठवलेल्या माशांना तिथं जागा उरली नाही. सासूबाईंनी मासे खाली हलवले. 'दूध कमी' हा शब्द त्या दिवसापासून घरात बंद झाला.

त्याच्या जागी दुसरा आला.

एका सकाळी त्यांनी सोदामचा लंगोट खिडकीपाशी उजेडात नेला, उलटसुलट करून पाहिला. हिरवट, फेसाळ. नाक न मुरडता त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"बघ. मला आधीच शंका होती."

"काय झालं?"

"दूध दोन तऱ्हेचं असतं, पोरी. एक खरं दूध, एक पाणचट दूध. खरं दूध पोटात टिकतं. पाणचट असं फेस होऊन निघून जातं. मग पोर तोंडात घेतं, चव कळली की थुंकतं. लहान असलं म्हणून काय, जीभ तर त्याला आहेच."

"डॉक्टर म्हणाले वजन छान वाढतंय."

"वाळलेलं मियोक पाण्यात टाक, किती फुगतं ते. म्हणून काय त्याचं मटण झालं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी खरंच वजन पाहून मान डोलावली होती आणि पुढच्या बाळाचं नाव पुकारलं होतं. मला विचारायचं होतं की मग ती रडते का. तोवर परिचारिकेनं माझी पिशवी माझ्या हातात दिली होती.

पाणचट. मी हा शब्द घेऊन दिवसभर फिरायची. सूप पिताना, कपडे वाळत घालताना. आंघोळीला गरम पाण्याखाली उभी राहिले की दोन्ही बाजूंनी दूध आपोआप गळायला लागायचं आणि मी ते पायांपाशी जाळीत जाताना बघायची. खरंच, पाण्यासारखंच दिसायचं.

सासूबाईंनी पावडरीचा डबा आणला. आणला म्हणजे मला दाखवून आणला नाही. मी झोपून उठले तर त्या बैठकीत जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, सोदाम त्यांच्या हातावर, आणि बाटली. सोदामचे डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर एक आठी नाही. एक हात तिने आजीच्या मनगटावर ठेवला होता. माझ्याजवळ तिचा हात कधी असा मोकळा नसायचा, कायम मूठ.

"बघ कशी पितेय," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

मग सोदामचा शंभरावा दिवस जवळ आला. शंभराव्या दिवशी पहाटे साम्सिन आजीपुढे, म्हणजे बाळं देणाऱ्या देवीपुढे, भात, सूप आणि स्वच्छ पाणी मांडायचं. जिनं बाळ दिलं तिचे आभार. मग तोक, तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पांढरा केक, करून शेजारी वाटायचं. आणि त्यानंतर सासूबाई बेटावर परत जाणार होत्या, कारण पुढचं पीक काढायच्या आधी दोर, त्यांना तरंगत ठेवणारे बोये, सगळं बघायचं होतं. परत जाताना त्या सोदामला बरोबर नेणार होत्या.

हे मला थेट कुणी सांगितलं नाही. इन्सोक, माझा नवरा, टायरच्या कारखान्यात रात्रपाळीवर असतो. तो सकाळी कामावरून आला, हात धुतले, जेवायला बसला, आणि भाताच्या वाटीत बघत म्हणाला, "आई म्हणतेय थोडे महिने."

"कसले थोडे महिने?"

"सोदामला. तिकडे शेजारची मोकपोवाली आहे, तिची सून आहे, सगळ्या बायका असतात अंगणात. तू जरा झोपशील. तुझं काम पण सुरू होईल."

"आणि माझं दूध?"

त्याने भात चावून संपवला. इन्सोक वाईट माणूस नाही. रात्रभर उभं राहून आलेला माणूस खोटं बोलायचे कष्ट घेत नाही, एवढंच.

"ती तशी पण बाटलीच घेते ना," तो म्हणाला. "मग बाटली कुणी धरली यानं काय फरक पडतो, ग्युरी?"

मी त्याच्यापुढची किमचीची बशी उचलून आत नेली. त्याचं जेवण अजून व्हायचं होतं. स्वयंपाकघरात सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या बॅगेवर, दाराशी, घडी करून ठेवली होती ती दुलई, पाठीवर बाळ बांधायची, लांब पट्ट्यांची. धुवून धुवून तिचा लाल रंग विटकरी झाला होता. त्या आल्यापासून ती तिथेच होती. मला वाटलं होतं ती इथे वापरायला आणलीय.

मला दूध वाचवायचं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. दुधाचं काय, ते पिशव्यांत भरून बेटावर पाठवता आलं असतं. पण सोदाम माझ्याजवळ राहावी यासाठी माझ्या हातात दुसरं काहीही नव्हतं. बाकी सगळं सासूबाईंना माझ्याहून बरं येत होतं. झोपवणं, ढेकर काढणं, रडण्याचा अर्थ लावणं. पाजणं तेवढं माझं होतं, आणि तेच ती नाकारत होती.

त्यानंतर दोन-एक दिवसांनी दुपारी मी आडवी झाले होते. सोदाम रडायला लागली. सासूबाई आतून ओरडल्या, "इन्सोक, बाटली कर रे." इन्सोक नुकताच उठला होता, एका डोळ्यानं झोपेतच. थोड्या वेळानं रडं थांबलं. मी उठून बैठकीत आले. सासूबाईंच्या मांडीवर सोदाम शांतपणे पीत होती. बाटलीवर त्यांनी विणलेली टोपी चढवलेली, दूध गार होऊ नये म्हणून.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "पावडर म्हणून नाक मुरडायचं नसतं. बघ कशी घट्ट धरलीय. याला म्हणतात खरं दूध."

मी पाणी प्यायला आत गेले. ओट्यावर माझी एक पिशवी पडली होती, रिकामी, माझ्या अक्षरात तारीख घातलेली. शेजारी गरम पाण्याचं भांडं. पावडरीचा डबा बंद, झाकणावर चमचा तसाच.

मी इन्सोकला हाक मारली. तो दात घासत आला.

"तू हे घातलंस बाटलीत?"

"हो. पावडर करायला पाणी उकळावं लागतं," तो फेसातून म्हणाला. "हे नुसतं कोमट केलं. का, चालत नाही?"

"चालतं."

मी पिशवी धुवून पुन्हा पाहिली, जणू तिच्यात काही लिहिलेलं सापडेल. तेच दूध. माझं. पाणचट. ती ते आजीच्या मांडीवर पडून, एक हात मनगटावर ठेवून पीत होती. म्हणजे दुधाची चव नव्हे. म्हणजे माझं दूध तिला नको नव्हतं. मग नको काय होतं?

 मी त्या वेळी बोलले असते तर सासूबाई म्हणाल्या असत्या, फ्रीजमध्ये राहून घट्ट झालं असेल. आणि मला खात्री नव्हती. म्हणून मी समोर बसून बघत राहिले, एखादं पान तिसऱ्यांदा वाचावं तसं. सासूबाई बाटली आडवी धरत होत्या, जवळजवळ जमिनीला समांतर. सोदाम चार घोट घ्यायची, थांबायची, नाकानं श्वास घ्यायची. ती थांबली की त्या बाटली खाली करायच्या. दूध तिच्यापर्यंत येत नव्हतं, ती जाऊन घेत होती. माझ्याकडे कोण कुणाला थांबवणार?

दुसऱ्या दिवशी सासूबाई सार्वजनिक न्हाणीघरात गेल्या. हात-पाय घासून घ्यायला, आणि तिथल्या बायकांशी बोलायला. इन्सोक झोपलेला. मी सोदामला घेऊन भिंतीला टेकून बसले, नेहमीसारखी, तिच्यावर वाकून. तिनं धरलं, चार घोट, आणि ठसका. ती मागे झाली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. दुधाच्या धारा उडत होत्या. एक नाही, बारीक बारीक कितीतरी, कारंज्यासारख्या. एक तिच्या पापणीवर, एक नाकात. तिनं डोळे मिटून घेतले होते. एवढे दिवस मी तिचं रडं बघत होते आणि ते पुसत होते. तिच्या तोंडात कुणीतरी नळ सोडून दिला होता.

त्या क्षणी मला शहाणपण सुचलं असं काही नाही. माझ्या पाठीत चमक भरली होती, म्हणून मी सरळ मागे जमिनीवर आडवी झाले. खालून फिरणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांनी जमीन गरम होती, आणि मला फक्त पाठ टेकायची होती. सोदाम माझ्या छातीवर पालथी पडली. रडत रडतच तिनं डोकं इकडे तिकडे घासलं, आणि स्वतःच धरलं. मी काहीच केलं नाही. हातही लावला नाही. दुधाला आता वर चढावं लागत होतं. तिला घोट पुढे आला तर तोंड सैल सोडून बाजूनं सांडता येत होतं. ते माझ्या कुशीतून खाली गरम जमिनीवर जात होतं. ती पीत होती. थांबत होती. पीत होती. तिची मूठ माझ्या गळ्यापाशी होती आणि ती हळूहळू उघडली.

मी छताकडे बघत पडून राहिले. आनंद वगैरे झाला असं म्हणवत नाही. एवढं दमल्यावर माणसाला आनंद होत नाही, नुसतं हलावंसं वाटत नाही.

मग मी हिशेब मागे मागे नेला. ती रडली, म्हणून दूध कमी असं ठरलं. म्हणून मी पंप लावला. जितकं काढावं तितकं शरीर समजत गेलं की एवढं लागतंय, आणि आणखी बनवत गेलं. त्यावर सूप. आणखी दूध, आणखी जोर, आणखी ठसका, आणखी रडं. मग पुन्हा पंप. सुरुवातीचं पातळ दूध एवढं की सोदामचं पोट त्यानंच भरायचं आणि मागचं दाट तिच्यापर्यंत पोचायचंच नाही, म्हणून तो हिरवा फेस. आम्ही दोघी, सासूबाई आणि मी, सगळ्या शक्तीनिशी त्या पोरीला बुडवत होतो.

मी पंप कमी केला, थोडा थोडा, कारण एकदम थांबवला असता तर छातीत गाठी झाल्या असत्या. सासूबाई बाहेर गेल्या की मी आडवी होऊन पाजायची. त्या घरात असल्या की तसं पडून पाजायची मला लाज वाटायची, आणि बसून पाजायचं तर एकच उपाय होता, पहिली उसळी फडक्यात जाऊ द्यायची आणि मग तिला लावायचं. ते मी दार लावून करायची. एक जाड पंचा त्यासाठी ठेवला होता.

शंभराव्या दिवसाच्या आदल्या दुपारी सासूबाई तोकसाठी तांदूळ भिजवून दळणवाल्याकडे गेल्या आणि तिथं गर्दी म्हणून लगेच परत आल्या. दाराचा आवाज मला ऐकू आला नाही. मी खोलीत बसले होते, पंचा छातीशी, सोदाम मांडीवर वाट बघत कुरकुरत होती. सासूबाई दारात उभ्या.

"हे काय चाललंय?"

"आई, पहिलं फार जोरात येतं. तिला ठसका लागतो. म्हणून थोडं जाऊ देते."

"फडक्यात?"

"थोडंच."

त्या आत आल्या, पंचा माझ्या हातातून घेतला. तो भिजून जड झाला होता. त्यांनी तो पिळला नाही, नुसता हातात तोलला.

"दूध टाकायचं नसतं," त्या म्हणाल्या. "टाकलं की आटतं. एवढं शिकलीस, कुणी सांगितलं नाही?"

"आटू दे थोडं. जास्तच आहे."

"जास्त?" त्यांनी पंचा खाली ठेवला. "जास्त म्हणजे काय असतं गं? इन्सोकच्या वेळी माझं आलंच नाही. पोर पोटात असताना पण मी गार पाण्यात कमरेपर्यंत उभी, झाल्यावर पण. सासू म्हणाली सूप पी, सूप कुठून पिणार, मियोक सगळं विकायला जायचं. भाताची पेज देत होते त्याला. आणि मोकपोवालीच्या दारात वाटी घेऊन उभी राहायचे. तिची मुलगी पिऊन काही उरलं तर. कधी उरायचं, कधी ती म्हणायची आज नाही. आणि तू पंच्यानं पुसतेस."

सोदाम आता मोठ्यानं रडायला लागली होती. मला गप्प बसायला हवं होतं. पण दुलई दाराशी होती आणि उद्या शंभरावा दिवस होता.

"आई, त्या दिवशी इन्सोकनं बाटली केली ना, तुम्ही म्हणालात हे खरं दूध. ते माझं होतं. फ्रीजमधलं. पावडर नव्हती."

त्यांनी खाली ठेवलेला पंचा पुन्हा उचलला.

"ती माझं दूध पिते. फक्त तिला एवढ्या जोरात आलेलं झेपत नाही. तुम्ही बाटली आडवी धरता, ते तिला झेपतं. मी तुमचंच बघून शिकले."

शेवटचं वाक्य खरं होतं, पण ते मी त्यांना मऊ करायला म्हटलं होतं आणि ते त्यांना कळलं.

"माझ्यावर ढकलू नकोस," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळपर्यंत भांडी एकमेकांवर आपटत राहिली. रात्री सूपाची वाटी माझ्यासमोर आली ती नेहमीएवढीच भरून. त्यांनी बॅग भरली. दुलई वर ठेवली.

पहाटे त्यांनी मला उठवलं. बाळाच्या उशाशी छोटं टेबल, त्यावर भात, सूप आणि पाण्याची पांढरी वाटी मांडलेली. अजून उजाडलं नव्हतं. इन्सोक कामावरून यायचा होता. सासूबाई गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहात एकमेकांवर घासत पुटपुटत होत्या. साम्सिन आजी, पोरीला खाऊपिऊ घाल, झोपू दे, मोठी होऊ दे. नेहमीचं. मग त्यांचे हात थांबले, आणि हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "हिच्या आईच्या दुधाचं काय ते तूच बघ."

पूजा झाल्यावर तो भात आणि सूप आईनं खायचं असतं. मी खाल्लं. पाणी प्यायले. वाटी रिकामी झाली. सोदाम जागी झाली आणि तोंड वेडंवाकडं करायला लागली.

सासूबाई समोरच मांडी घालून बसल्या. "हं. पाज."

"तुमच्यासमोर?"

"मी काय पाहिलं नाही की काय आयुष्यात?"

मी भिंतीला टेकले आणि तिला घेतलं. दूध नेहमीपेक्षा लवकर आलं. तिनं धरलं, ठसकली, मागे झाली. धारा उडाल्या. एक सरळ सासूबाईंच्या चष्म्यावर.

त्यांनी चष्मा काढला, काचेकडे पाहिलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही तर आमची होडी धुवायची नळी."

मी पंचा शोधत होते. तो हाताशी नव्हता. सासूबाईंनी टेबलावरची ती रिकामी पांढरी वाटी उचलली आणि माझ्याखाली धरली. दूध वाटीत पडत राहिलं, आधी जोरात, मग हळू, मग थेंब थेंब. सोदाम रडतच होती. मी मागे रेलले आणि तिला माझ्यावर घेतलं. ती डोकं घासत घासत जागेवर आली. पीत राहिली. एकदा थांबली, तेव्हा सासूबाईंनी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं. ती पुन्हा प्यायला लागली.

सासूबाईंनी वाटीत बोट बुडवून चाटलं. थोडा वेळ तोंडात चव घोळवली.

"पाणचटच आहे," त्या म्हणाल्या. मग, "गोड आहे पण."

सोदामच्या गालांवर लाल पुरळ होतं, थंडीपासून जात नव्हतं. त्यांनी वाटीतलं दूध बोटानं घेऊन तिच्या गालांवर लावलं, एका गालावर, दुसऱ्या गालावर, कानामागं. वाटी रिकामी होईपर्यंत. टाकलं काहीच नाही.

दुसऱ्या बाजूला पाजताना मात्र ती नेहमीसारखी रडली, आणि ठसकली, आणि मला वाटलं झालं, गेलं. पण सासूबाई त्या वेळी तिथे नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात फोनवर होत्या, मोकपोवालीशी, बेटावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"अगं नाही येत घेऊन. कशी येणार? सुनेला एवढं दूध आहे, एवढं, की पोर गुदमरतंय. ऐकलंस का? हो, हो. मी काय खोटं बोलेन? माझ्या चष्म्यावर उडालं. तुझ्या सुनेला सांग, मियोक कमी पडत असेल तर मी पाठवते."

मी ऐकत पडून राहिले. इन्सोक आला, बूट काढले, आम्हा मायलेकींकडे पाहिलं आणि हात धुवायला गेला. तोक वाटून झालं. दुपारी सासूबाईंनी बॅगेवरची दुलई काढून दारामागच्या खुंटीला अडकवली. तिच्या जागी त्यांनी पंप ठेवला, त्याच्या नळ्या गुंडाळून, नळ्यांभोवती रबर लावून.

"आई, तो कशाला?"

"मोकपोवालीच्या सुनेला लागेल. तिला कमी आहे." त्यांनी बॅगेची चेन ओढली. "तुझ्याकडे ठेवला तर तू पुन्हा लावशील. तुझं मला माहीत आहे, तू गप्प बसून काहीतरी करत असतेस."

"आणि सूप?"

"सूपाचं काय?"

"थोडं कमी चालेल का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी श्वास कमी घेऊ का असं विचारलं होतं. मग उरलेली पेंढी, आता निम्म्याहून बारीक झालेली, भिंतीच्या कोपऱ्यात सरळ उभी केली.

"दुमडू नकोस," त्या म्हणाल्या.

त्यांच्यामागे दार बंद झालं. सोदाम उठली. मी जमिनीवर आडवी झाले आणि पंचा हाताशी घेतला.